अर्धं सुंबरान

पुंडलिकनगर, औरंगाबाद
३ ऑक्टोबर २००७

चि. काकासाहेब यास आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहायला कारण घडलं ते आधी सांगते. परवा सोमवारी मुंजाबा सिल्लोडहून आपल्या कॅसेटच्या कंपनीत आला. खुर्चीवर बसला नाही. उभ्या उभ्याच सांगून गेला की त्याची बहीण म्हाळसाबाई यंदा चंपाषष्ठीच्या जागराला गाणार नाही. यंदाच नाही, यापुढंही नाही. आपली कंपनी निघाल्यापासून जिच्या आवाजावर आपण उभे आहोत ती बाई गप्प झाली आहे, आणि ती माझ्या सहीनं गप्प झाली आहे. फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर तू सगळ्याला "बरं, बरं" म्हणतोस, आणि मलाही फोनवर खोटं बोलणं सोपं जातं.

मे महिन्यात तू दवाखान्यात होतास तेव्हा मी काही कागद आणले होते. भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड करायची आहे, कर वाचेल, असं मी तुला सांगितलं. ते खरं होतं, पण सगळं नव्हतं. त्याच कागदांत सातमाळा कॅसेट्सची सगळी गाणी नव्या कंपनीच्या मालकीची झाली, आणि ती हव्या त्या तुकड्यांनी विकायचा अधिकार मला आणि माझ्या संग्रामला मिळाला. तू सलाईनच्या हातानं सही केलीस. मी वहीचा पुठ्ठा खाली धरला होता.

असं का केलं ते तुला ठाऊक आहे. गुलमंडीवरच्या आपल्या जुन्या दुकानदारानं कॅसेटची फळी काढून तिथं मोबाईलची कव्हरं लावली. सीडी आपण काढली, तर आठ दिवसांत मोबाईलवाल्या पोरांनी ती चिपमध्ये भरून वाटली. मोबाईलवर रिंगटोन विकणाऱ्या मुंबईच्या कंपनीनं आमच्याकडे बघून एकच विचारलं, की तुमच्याकडे तीस सेकंदांचं काय आहे. संग्राम म्हणाला, आई, आता गाणं कुणी विकत घेत नाही, गाण्याची हाक विकत घेतात. त्यानं वाळूजची नोकरी सोडून यात उडी घेतली होती. मी बी.कॉम. शिकलेली बाई, मला त्याचं गणित पटलं. लग्नाची, हळदीची, भारुडाची गाणी कापून दिली. त्यांतलं एकही धड चाललं नाही. चाललं ते म्हाळसाबाईचं सुंबरान.

तुला माहीत असलेलंच मी पुन्हा लिहिते, कारण मला ते एकदा स्वतःच्या हातानं लिहायचं आहे. ओवीच्या आरंभी सुंबरान मांडून देवाला हाक मारतात. तिच्या घराण्यात रीत अशी, की हाक मारली की ओवी पुरी करायची आणि शेवटी देवाला त्याच्या जागी नेऊन बसवायचं. मधेच सोडलं तर देव आलेला असतो आणि उभाच राहतो. हे आपल्या कंपनीत झाडणाऱ्या भागूबाईलासुद्धा माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही सांगणार नाही.

आता जालना रोडपासून अजिंठ्यापर्यंत खिशाखिशात ते वाजतं. हाक पुरी व्हायच्या आत माणूस फोन उचलतो आणि "हॅलो" म्हणतो. मुंजाबा म्हणाला, बाई, देव आला आणि त्याला हॅलो म्हणाले.

तू ये. तिच्याशी बोलणं तुला जमतं, मला जमत नाही. विहिरीवरची मोटार स्वतः उचलू नकोस, गोळ्या वेळेवर घे. आणि माझ्यावर चिडायचं असेल तर समोर येऊन चीड, तेवढा हक्क तुझा राखून ठेवला आहे.

तुझी
आक्का


शेतवस्ती, पैठण
११ ऑक्टोबर

ती. आक्कास काकासाहेबचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. चिडायचा हक्क तू राखून ठेवलास त्याबद्दल आभारी आहे, पण तो वापरावा अशी माझी परिस्थिती नाही.

सलाईनचा हात डावा होता, आक्का. उजवा मोकळा होता आणि चष्मा उशाशी होता. वाचायचं असतं तर वाचलं असतं. मला ते सगळं कुणीतरी माझ्या डोक्यावरून उतरवून न्यावं असं वाटत होतं, आणि तू नेत होतीस. तेव्हा सगळा दोष एकटीच्या नावावर करून घेऊ नकोस. लहानपणी बोरं मी चोरायचो आणि मार तू खायचीस. ती सवय आता सोड.

दुसरं सांगायला जड जातंय. मला हे ऑगस्टपासूनच माहीत होतं. पैठणच्या स्टँडवर एका कंडक्टरच्या खिशात ते वाजलं. मी पायरीवर बसलो होतो. म्हाळसाबाईचा आवाज, आपल्या तेलगिरणीवरच्या खोलीत गाद्या टांगून धरलेला तो आवाज, इतक्या वर्षांनी भर स्टँडवर. मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, हे रेकॉर्डिंग माझं आहे. मला आनंद झाला, आक्का. कंडक्टरनं फोन उचलला तेव्हा मला कळलं की काय झालं. तरी मी तुला कळवलं नाही. चाललंय तर चालू दे, असं वाटलं.

पहिलं रेकॉर्डिंग तुला आठवतं का? तू बाहेर हिशोब करत बसली होतीस. कॅसेटची पहिली बाजू ओवीच्या मधेच संपली. मी हात वर करून थांबा म्हणालो. ती थांबली नाही. टेप फिरायची बंद झाली, मुंजाबाचा ढोल चालू, आणि ती अर्धा तास नुसत्या गाद्यांपुढं गात राहिली. देव बसवला, मग पाणी प्याली आणि मला म्हणाली की ही पट्टी ज्याच्या घरी वाजेल त्याच्या दारात देव ताटकळेल, त्याला जबाबदार कोण? तिथूनच आपण बाजू पुरी करायची रीत पाडली. एका बाजूला हाक आणि बसवणं, दुसऱ्या बाजूला पुन्हा हाक आणि पुन्हा बसवणं. दुकानदार हसायचे की तुमच्या कॅसेटमध्ये देव दोनदा येतो. पण मेंढरामागं हिंडणारे लोक खरेदीला यायचे ते त्याच कारणानं.

मी येत नाही. डॉक्टर नको म्हणतात हे एक, आणि तिच्यापुढं उभं राहायचं धैर्य नाही हे खरं. तू जा. शाल-नारळ देऊन संग्रामला पाठवू नकोस, ते फार वाईट दिसेल.

शेतात मक्याची चांगली कणसं आली आहेत, भाजून खायला या म्हणावं असं तोंड नाही, तरी म्हणतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
काकासाहेब


मु. पो. सिल्लोड
१९ आक्टोबर

कंपनीच्या आशाबाई यास्नी मुंजाबाचा रामराम. लिहिण्यास कारन की,

बाई, तुमचा संग्राम मोटार घिऊन आला व्हता. शाल आनली, नारळ आनला, पेढं आनलं. पोरगं वाईट नाय. पाया पडला, बाजंवर बसला, च्या घेतला. आमची आक्का, म्हाळसाबाई, ती बी गोड बोलली. शाल काय घेतली नाय, पन पेढं लेकरास्नी वाटलं. समदं नीट जमत आलं व्हतं, आन मंग त्याचाच फोन वाजला. कोन्तं गानं म्हून इचारू नका.

पोरगं लई लाजलं. फोन बंद करायला गेलं तर हातातून बाजंखाली पडला, आन तिथंबी वाजतच ऱ्हायला. आक्का उठली, फोनच्या म्होरं उभी ऱ्हायली, आन देव बसवायच्या वळी म्हटल्या. समद्या. पोरगं हात जोडून उभं. म्या हसलो ते खरं, पन नंतर मला लई वंगाळ वाटलं.

बाई, आता खरं सांगतो. दोन महिन्यांपासून हेच चाललंय. सिल्लोडच्या बाजाराला गेली की शेळ्याच्या दलालाचा फोन वाजतो, तिथं थांबती, पुटपुटती. मकाच्या आडतीत वाजतो, तिथं थांबती. फुडं यस्टीत. एकाचं बसवून व्हईना तोवर दुसरा उभा. लोक म्हनत्यात म्हाळसाबाईच्या डोस्क्यावर परिनाम झाला. तवा तिनं बाजार सोडला. आता वाडीत पोरं फोन घिऊन फिरत्यात, म्हून घराभाईर बी येईना.

म्या म्हनलो, आगं तू कुठं हाक मारली, मशीननं मारली. ती म्हनती, त्वांड माझं हाय. जोवर माझ्या तोंडानं बोलवल्यालं देव दारोदार उभं हायेत तोवर म्या नवी हाक कशी मारू? बाई, म्या ल्योक असून आमच्या बापानं गानं लेकीला दिलं, कारन माझा गळा फाटका. तिनं नाय म्हनलं तर शष्ठीला जागर नाय. आजवर कंदी मोडला नाय. म्या नुसता ढोल बडवून काय देव येतो व्हय?

संग्रामला पुन्यांदा धाडू नका. तुमाला यायचं आसल तर या. यस्टीनं या, आन फोन घरी ठिवा.

तुमच्यावर राग हाय, पन बोलनं टाकल्यालं नाय, ह्ये ध्यानात ठिवावं.

मुंजाबा


पुंडलिकनगर, औरंगाबाद
२ नोव्हेंबर

चि. काकासाहेब यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू नको म्हणायच्या आधीच शाल-नारळ निघून गेले होते. फजिती झाली ती मुंजाबानं कळवली. त्याचं पत्र सोबत ठेवते, वाचून परत पाठव.

मी सिल्लोडला जाऊन आले. एस.टी.नं गेले, फोन घरी ठेवला. म्हाळसाबाईनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, कढी-भाकरी वाढली. मी तिला सरळ सांगितलं, की हे संग्रामनं केलं नाही, मी केलं, आणि रीत माहीत असताना केलं. मला वाटलं होतं ती बोलेल, म्हणजे मला हलकं वाटेल. ती फक्त म्हणाली की बंद करा. माफी मागायला तिनं लावलंही नाही आणि माफ केलंही नाही. येताना मी एस.टी.त सगळी वाट खिडकीकडे तोंड करून बसले.

आता बंद कसं करायचं ते ऐक. मुंबईच्या कंपनीशी करार तीन वर्षांचा आहे. दिलेलं गाणं मधेच परत घेता येत नाही. एकच वाट आहे. आपण दिलेलं एखादं गाणं आपल्या मालकीचं नव्हतंच असं निघालं, तर ते त्यांना काढून टाकावं लागतं. म्हाळसाबाईनं आपल्याला गाणं वापरायची परवानगी दिली होती ती कॅसेटपुरती, आणि बाजू पुरी करण्याच्या बोलीवर. तुकड्याचा हक्क आपल्याकडे कधीच नव्हता. तो मी मे महिन्यात कागदावर नव्या कंपनीच्या नावे लिहिला, जणू माझ्या माहेरची जमीन होती. आता मला लेखी द्यावं लागेल की मी दुसऱ्याची वस्तू आमची म्हणून दिली. वकील म्हणाले की असं एकदा लिहून दिलं की मुंबईवाले बाकीच्या गाण्यांवरही शंका घेतील, आणि करार गुंडाळतीलही.

संग्रामला सांगितलं. तो ओरडला नाही, त्याचं मला जास्त लागलं. म्हणाला, मी नोकरी सोडली ती तुझी सही बघून. आता तूच म्हणतेस की ती सही खोटी. मग मी कशावर उभा राहू?  काकासाहेब, मी आयुष्यभर त्याला, नोकरांना, तुलाही, उत्तर तयार ठेवायला शिकवलं. एका बाजूला पोराचा संसार, दुसऱ्या बाजूला ती बाई घराबाहेर पडत नाही. कुठंही पाऊल टाकलं तरी कुणाच्या तरी अंगावर पडतं, आणि दोघांनाही तिथं मीच नेऊन ठेवलेलं.

दोन दिवस विचार करून कंपनीची मांडणी पुन्हा केली आहे. लग्नाची, हळदीची, भारुडाची गाणी, ज्यांचे गाणारे तुकड्याला लेखी होकार देतील, तेवढीच प्रायव्हेट लिमिटेडमध्ये राहतील. संग्राम ती चालवील. देवाची गाणी, म्हणजे जिथं हाक आहे आणि बसवणं आहे, ती कंपनीबाहेर काढायची आणि ज्यांची त्यांना मूळ टेपांसकट परत द्यायची. आपल्याकडे प्रतही ठेवायची नाही. संग्राम म्हणतो की अशानं कंपनीत उरतं काय. बरोबरच म्हणतो.

कागद सोबत आहेत. तुझी सही लागेल. या वेळी चष्मा लाव आणि वाचून कर. नाही करायची असेल तर तसं लिही, मी तुला भरीला पाडणार नाही. गेल्या वेळी पाडलं तेवढं पुरे.

दिवाळीला येणं होणार नाही. भाऊबीज इथूनच ओवाळीन, तू तिथूनच मनात धर.

तुझी
आक्का


शेतवस्ती, पैठण
१४ नोव्हेंबर

ती. आक्कास सविनय नमस्कार. वि. वि.

भाऊबीज मनात धरली. कागद वाचले. एके ठिकाणी तू "माझ्या चुकीने" लिहिलं होतंस, ते खोडून मी "आम्हा दोन्ही भागीदारांच्या चुकीने" केलं आहे आणि शेजारी आद्याक्षरं घातली आहेत. वकिलांना म्हणावं नवीन टाईप करायची गरज नाही. सगळ्या पानांवर सही केली.

संग्रामचा फोन आला होता. मामा, तुम्ही तरी सही करू नका म्हणाला. मी त्याला कंडक्टरच्या खिशाची हकिगत सांगितली, की मला हे ऑगस्टमध्येच कळलं होतं आणि मी गप्प बसलो.  तो म्हणाला, म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मलाच ते नुसतं गाणं वाटलं. आक्का, हे खरं आहे. आपण त्याला मशीन शिकवलं, बाजार शिकवला, आणि रीत सांगायची राहिली. त्याच्यावर फार कडक होऊ नकोस. तू कडक असतेस.

मुंजाबा टेपा घेऊन करेल काय? त्याच्याकडे वाजवायला काही नाही. माझं जुनं मशीन कंपनीच्या माळ्यावर आहे, ते त्यांना दे. मला आता त्याची गरज नाही असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. गरज आहे. तरी दे.

टेपा परत द्यायच्या दिवशी मी येत नाही. तुला माझी कीव वाटली तर चालेल, राग नको.

तुझा
काकासाहेब


पुंडलिकनगर, औरंगाबाद
९ डिसेंबर

चि. काकासाहेब यास आशीर्वाद. वि. वि.

काल काम झालं. तुला मनानं तिथं हजर राहता यावं म्हणून झालं तसं लिहिते.

मुंबईवाल्यांनी सुंबरान काढून टाकलं. लग्नाची गाणी त्यांनी ठेवली, बाकीचा करार मोडला. संग्राम वाळूजला जुन्या साहेबांना भेटून आला. अर्धा दिवस तिकडे, अर्धा दिवस कंपनीत, असं बोलतो आहे. माझ्याशी कामापुरतं बोलतो. पण काल टेपांचे डबे माळ्यावरून त्यानंच उतरवले आणि एकेक पुसून ठेवला.  तू कडक म्हणतोस म्हणून गप्प राहिले, एवढं लक्षात घे.

म्हाळसाबाई आणि मुंजाबा सकाळच्या गाडीनं आले. भागूबाईनं दारातच सगळ्यांचे फोन पिशवीत घेतले, वकिलांचासुद्धा. मी म्हाळसाबाईला बसवून आधी वाईट बातमी सांगितली. यापुढं कुणाला हे सुंबरान फोनवर घेता येणार नाही, पण ज्यांनी घेतलं आहे त्यांच्या फोनमधून ते काढायला मुंबईवाल्यांनाही येत नाही. ते वाजत राहील. मला वाटलं ती आता उठून जाईल आणि मुंजाबा टेपा तिथंच टाकून तिच्यामागं जाईल.

 पण तिनं मला विचारलं, की ही हाक फोनात धाडली ती कुठून. मी सांगितलं, याच टेबलावरून. संग्रामनं खुर्ची दाखवली, मी सही केली ती जागा दाखवली. त्यावर ती म्हणाली, मग दारोदार कशाला हिंडू, जिथून हाक गेली तिथंच बसवते. ज्याच्या फोनात वाजल त्याचं तो बघंल. मुंजाबानं ढोल आणला नव्हता. त्यानं टेपांचा एक रिकामा डबा ढोलासारखा मांडीवर घेतला.

संग्रामचा हात सवयीनं रेकॉर्डिंगच्या मशीनकडे गेला. मी बघितलं. म्हाळसाबाईनंही बघितलं. त्यानं हात मागं घेतला आणि खिशात घातला. पुढं काय झालं ते मला लिहिता येत नाही, कारण मी टेबलाकडे बघत होते.

चंपाषष्ठीला गाणार का, हे मी विचारलं नाही. तो माझा प्रश्न राहिलेला नाही. पोचपावतीची नक्कल खाली देते, तुझ्या फायलीत ठेव. तुझ्यावाचून ही खोली मोठी वाटते, तेव्हा तब्येत सांभाळ आणि मला आपलं माणूस समज.

तुझी
आक्का

पोचपावती
दिनांक ८ डिसेंबर २००७, सातमाळा कॅसेट्स, औरंगाबाद

कंपनीकडून म्हाळसाबाई व मुंजाबा यांस दिले:
१. म्हाळसाबाईंच्या ओव्यांच्या सर्व मूळ टेपा, डब्यांसह. कंपनीकडे प्रत ठेवलेली नाही.
२. टेप वाजवायचे मशीन एक, काकासाहेबांचे, त्यांच्या संमतीने. चालू स्थितीत.
३. या ओव्यांच्या तुकड्यांवर कंपनीचा हक्क कधीच नव्हता, असे दोन्ही भागीदारांच्या सहीचे पत्र.
मिळाले. म्हाळसाबाई (अंगठा). मुंजाबा (सही).

म्हाळसाबाईंकडून कंपनीस दिले:
१. सुंबरानाचा शेवट. कार्यालयात, उभ्याने, एकदा. टेप लावलेली नव्हती.
मिळाले. आशाबाई. संग्राम.